काळ्या टेपचं चिठोरं

त्सियाला आली तेव्हा पत्र्यावर अजून दंव होतं,
रुस्तावीच्या गाडीबाजारामागे, माझ्या शेडच्या तोंडाशी.
हिरवी सुबारू. अमेरिकेतून बोटीने आलेली,
एक दार दुसऱ्याच कुठल्या हिरव्याचं.

"गुरुवारपासून हा दिवा लागलाय," ती म्हणाली,
"आणि इंजिन थरथरतं. पण ते आधीपासूनच,
मी घेतली तेव्हापासून. चारातला एक ठोका लंगडा आहे.
उशिरा येतो, कधी येतच नाही."
गावोगावच्या शाळांतले पियानो ती सुरात लावते.
मागच्या सीटवर किल्ल्या, नमद्याचे तुकडे, अर्धा पाव.

स्कॅनर लावला. तीन नंबरचा सिलिंडर मिस मारतोय,
मिश्रणात हवा जास्त. एवढं बोलून यंत्र गप्प.
त्याचं सांगणं शेजारणीसारखं:
धूर कुठे दिसला ते कळतं, काय जळलं ते नाही.

तीनची कॉइल एकला लावली, एकची तीनला.
दुखणं जागचं हललं नाही.
प्लग काढला: टोक पांढरंफटक, तापातल्या जिभेसारखं.
इंजेक्टरला पेचकस टेकवून मुठीला कान लावला,
टिकटिक चोख.
वाझा नवा सेन्सर आणायला निघाला होता, म्हणजे
जखम मांडीला, मलम शेंडीला. त्याला बस म्हटलं.

"मला ऐकू दे." तिने हातमोजे काढले,
बॉनेटच्या कडेला बोटं टेकून उभी राहिली.
"श्वास घेताना फुसफुसतंय. ठोक्याच्या जरा आधी."

मुरंब्याची बरणी, झाकणाला दोन भोकं, आत तेलकट चिंधी,
सायकलचा पंप. हे माझं धुराचं यंत्र.
इंजिन बंद करून धूर आत सोडला
आणि आम्ही तिघं वाकून थांबलो,
उतू जाणाऱ्या दुधावर नजर ठेवावी तसे.
बराच वेळ काही नाही.
वाझाला शिंक आली, ती त्याने गिळली.
मग मॅनिफोल्डच्या पोटाखालून
एक बारीक, संथ, पांढरी रेघ.

बोटभर रबरी नळी. वाकते तिथेच चिरलेली.
बारा लारीचा माल.

नळी बदलली. दिवा घालवायला म्हणून आत बसलो
आणि काचेमागे दिसलं
काळ्या टेपचं चिठोरं, वाळून सुटलेलं,
एका कोपऱ्यावर लोंबणारं. दोन्ही टोकं तिरकी.

टेप तिरकी मी तोडतो. दातांनी.
पुढचा एक दात तुटका आहे म्हणून.

चार वर्षांमागचा नोव्हेंबर. नोदारला गाडी खपवायची होती,
माझं गॅसचं बिल थकलेलं. तीस लारी दिले त्याने.
म्हणजे गुरुवारी दिवा लागला नाही,
गुरुवारी फक्त टेप सुटली.
तो लागलेलाच होता, चार हिवाळे,
डोंगरातल्या प्रत्येक शाळेच्या चढावर,
आणि दुखणं अंगावर काढत
ही बाई गाडीतला लंगडा ठोका मोजत होती.

काच उघडली, चिठोरं ओढून काढलं, मुठीत धरलं.

"बारा लारी," मी म्हणालो.
"आणि मजुरी?"
"किरकोळ काम होतं."
तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मान किंचित कलली,
पट्टी दाबून तार विरेपर्यंत थांबतात तशी.
मग बरणीखाली सत्तर लारी सरकवले
आणि निघाली.

चारही ठोके सारखे. पुलापर्यंत ऐकू येत होते,
पुढे कुणाच्या तरी हॉर्नमध्ये बुडाले.
वाझाने विचारलं, जेवायचं का.
टेप माझ्या अंगठ्याला चिकटली होती.
झटकली,
तर्जनीला चिकटली.